इनडोअर 3000 मीटरसाठी नाइकी झूमएक्स ड्रॅगनफ्लाय: वळणावर कसा टिकतो?

नाइकीचा झूमएक्स ड्रॅगनफ्लाय हा लांब पल्ल्याचा स्पाइक (तळाला टोकदार पिना असलेला धावण्याचा बूट) 2020 मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याचं नाव झालं. जोशुआ चेप्टेगेईनं ऑगस्टमध्ये मोनॅकोत 5000 मीटर 12:35.36 मध्ये मारली, 7 ऑक्टोबरला व्हॅलेन्सियात 10,000 मीटर 26:11.00 मध्ये, आणि त्याच संध्याकाळी लेतेसेनबेत गिदेनं महिलांची 5000 मीटर 14:06.62 मध्ये. तिन्ही विश्वविक्रम, तिन्ही वेळा पायात हाच बूट. पण या तिन्ही धावा 400 मीटरच्या उघड्या ट्रॅकवरच्या होत्या. पुढे चाल राखून देणारे पेसमेकर, कडेनं ठरलेल्या वेगानं पेटत जाणारे वेव्हलाइटचे दिवे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास एकच चाल. जागतिक इनडोअर स्पर्धेतली पुरुषांची 3000 मीटर अशी कधीच पळली जात नाही. म्हणून विक्रम बघून हा बूट इनडोअरसाठी उचलणाऱ्यांनी थोडं थांबावं.

आमचं मत आधीच सांगतो. बँकिंग असलेल्या, म्हणजे वळणं आत कललेल्या, 200 मीटरच्या ट्रॅकवर 3000 मीटरसाठी ड्रॅगनफ्लाय उत्तम आहे, फक्त टाच घट्ट बसायला हवी. 1500 मीटरला तो चालतो, पण त्या अंतराला त्याहून सरस बूट मिळतात. आणि ज्या 200 मीटरच्या ट्रॅकची वळणं सपाट आहेत तिथे हा बूट नकोच. का, ते समजायला आधी वळणाचा हिशेब बघावा लागेल.

200 मीटरच्या ट्रॅकवर आतल्या वळणाची त्रिज्या 17.5 मीटरच्या आसपास असते. एका फेरीतले सुमारे 112 मीटर वळणात जातात, उरलेले 88 मीटर दोन सरळ पट्ट्यांत. 3000 मीटर म्हणजे 15 फेऱ्या आणि 30 वळणं. बाहेर 400 मीटरच्या ट्रॅकवर हीच शर्यत 15 वळणांत संपते. 30 सेकंदांची फेरी धरू, म्हणजे 7:30 ची चाल. वेग सेकंदाला 6.67 मीटर. एवढ्या लहान त्रिज्येवर या वेगाला शरीर साधारण साडेचौदा अंश आत झुकवावं लागतं. नियमाप्रमाणे बँकिंग 15 अंशांच्या वर जात नाही आणि नव्या ट्रॅकला 10 अंशांची शिफारस आहे. 10 अंश धरले तर तेवढा झुकाव ट्रॅकच देतो, आणि बूट-घोट्याच्या वाट्याला साडेचार अंशच येतात. बाहेरच्या सपाट ट्रॅकवर 36.5 मीटर त्रिज्येला याच वेगात सात अंश येतात. म्हणजे एकसारख्या चालीत इनडोअरचं वळण पायाला बाहेरच्यापेक्षा सौम्यच पडतं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

गोम अशी की बँकिंग एकाच वेगासाठी बरोबर असतं, आणि स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत वेग एक राहत नाही. सुरुवातीला घोळका 33 सेकंदांच्या फेरीनं रेंगाळतो, तेव्हा लागणारा झुकाव 12 अंश; ट्रॅकचे 10 वजा केले तर पायाला दोनच अंश. शेवटची फेरी 26 सेकंदांत गेली तर झुकाव 19 अंशांवर पोचतो आणि बुटावर नऊ अंश येतात. शिवाय त्या वेगात वळणावर पायावर येणारा भार सरळ पट्टीपेक्षा सहा टक्क्यांनी जास्त. म्हणजे पहिल्या फेरीत जो बूट पायात आहे हे जाणवतही नाही, तोच शेवटच्या दोन वळणांवर चार-साडेचारपट तिरका दाबला जातो. बुटाची परीक्षा तिथे होते, आणि पदकंही तिथेच ठरतात. जागतिक इनडोअर स्पर्धेची 3000 मीटर 2024 मध्ये ग्लासगोत जोश कर 7:42.98 मध्ये जिंकला, सरासरी फेरी 30.87 सेकंदांची. 2025 मध्ये नानजिंगला याकोब इंगेब्रिग्टसेन 7:46.09 मध्ये, आणि दुसऱ्या आलेल्या बेरिहू अरेगावीत नि त्याच्यात 0.16 सेकंदांचं अंतर. याच्या उलट ग्रँट फिशरनं 8 फेब्रुवारी 2025 ला न्यूयॉर्कला मिलरोज गेम्समध्ये 7:22.91 चा इनडोअर विश्वविक्रम केला तो सरासरी 29.53 सेकंदांच्या फेरीनं, सपाट चालीत. विक्रमाच्या शर्यतीत आणि पदकाच्या शर्यतीत बुटाकडून मागणी वेगळी असते.

आता बूट. याचं मुख्य अंग म्हणजे झूमएक्स फोम, पेबॅक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या जातीचा, हलका आणि दाब सुटला की चटकन उसळणारा. चवड्याखाली पेबॅक्सचीच प्लेट आहे, कार्बनची नाही. ती कडक आहे पण हातानं वाकते, आणि याच कारणानं 3000 मीटरच्या शेवटी पोटऱ्या दगडासारख्या होत नाहीत. जुन्या पातळ तळाच्या स्पाइकमध्ये दहाव्या-बाराव्या फेरीला पोटरी भरून यायची, इथे ते ठळकपणे कमी होतं. वजन मापाप्रमाणे एका पायाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. वरचं कापड पातळ, जाळीदार, ताण न देणारं. टाचेला आधार म्हणून कडक वाटी वगैरे काही नाही. बोटानं दाबलं तर टाच चुरगळते. वजन वाचवलंय ते इथून, आणि आमची खरी तक्रारही इथेच आहे.

वळण डावीकडे, त्यामुळे जोराच्या फेरीत डाव्या बुटाची बाहेरची कड आणि उजव्या बुटाची आतली कड दबते. मऊ फोम एका कडेला जास्त दबला की पाय बुटात खाली घसरत नाही, पण तिरका होतो. चवड्याखाली प्लेट असल्यानं तिथे हे फार होत नाही. टाचेकडे मात्र फोम मोकळा आहे. जे धावपटू पूर्ण वेळ चवड्यावर पळतात त्यांना या बुटात काहीच खटकणार नाही. जे मधल्या तळव्यावर उतरून टाच टेकवतात (आणि थकल्यावर बहुतेक सगळेच टेकवतात) त्यांना तेराव्या-चौदाव्या फेरीत डावी टाच बाहेर सरकल्यासारखी वाटते. हा दोष मोठा नाही. पण तो नेमका तेव्हाच उगवतो जेव्हा दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यायला सवड नसते.

सपाट वळणाच्या ट्रॅकवर हेच आकडे भयंकर होतात. तिथे ट्रॅक काहीच झुकाव देत नाही, म्हणून 30 च्या फेरीलाही पूर्ण साडेचौदा अंश बुटावर, आणि शेवटच्या फेरीला 19. एवढ्या तिरक्या दाबाला उंच मऊ फोम नुसता लोळतो. अशा हॉलमध्ये कमी उंचीचा, साध्या फोमचा जुन्या पद्धतीचा स्पाइक वापरा. थोडं वजन वाढेल, पोटरी जास्त दुखेल, पण घोटा शाबूत राहील.

एक गोष्ट बुटाच्या डब्यावर लिहिलेली नसते, पण लिहायला हवी: बँकिंगवर या बुटात जॉगिंग करू नका. 60 सेकंदांच्या फेरीला लागणारा झुकाव पावणेचार अंशांचाच, आणि ट्रॅक दहा अंश कललेला. म्हणजे आता पाय सहा अंश उलट्या बाजूला मुरगळतो, उजव्या पायाची बाहेरची कड उचलली जाते आणि पोटरीची नि घोट्याची आतली बाजू ताणली जाते. वॉर्म-अप साध्या बुटात, सपाटीवर. स्पाइक घालून फक्त जोराचे स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा, तेही सरळ पट्टीवर चार आणि वळणात शिरून बाहेर पडणारे दोन. वळणातले दोन महत्त्वाचे, कारण त्यातच कळतं की टाच हलतेय की नाही.

माप घेताना लांबीपेक्षा टाच बघा. अंगठ्यापुढे 4 ते 5 मिलिमीटर जागा पुरे. रोजच्या सरावाच्या बुटात ठेवतो तशी अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा इथे ठेवली तर प्लेटचा वाकायचा बिंदू आणि पायाचा वाकायचा बिंदू जुळत नाहीत, आणि प्लेटचा फायदा हातचा जातो. मोजे घालून पळणार की नुसत्या पायानं, ते आधी ठरवा आणि तसंच माप घ्या. जाड मोज्यात घेतलेला बूट अनवाणी पायात वळणावर हमखास फिरतो. बूट अरुंद बांध्याचा आहे. ज्यांचा चवडा रुंद आहे त्यांना करंगळीच्या सांध्यापाशी कापड ताणलेलं दिसेल; तसं दिसलं तर अर्धं माप वर जाऊन भागत नाही, कारण लांबी वाढते आणि टाच आणखी सैल होते. तेव्हा दुसरा बूट बघणं बरं.

दुकानात ट्रॅक नसतो, पण फळी असते. 60 सेंटिमीटर रुंद फळीची डावी कड साडेदहा सेंटिमीटर उचला, खाली काहीतरी भक्कम द्या. हे झाले 10 अंश, म्हणजे 26 सेकंदांच्या फेरीत बुटावर येतो त्याहून एक अंश जास्त. फळीवर समोर तोंड करून डाव्या पायावर उभं राहा, भिंतीला नुसतं बोट टेकवा आणि टाच उचलून खाली आणा, पाच वेळा, सावकाश. मग उजवा पाय. टाच खाली टेकताना बुटाची मागची कड पायापासून सुटी होऊन बाजूला पडत असेल तर तो बूट किंवा ते माप नको. लेस बांधल्यावर असं होत नसेल तर पुढच्या फेऱ्यांतही होणार नाही. फक्त हे पिना काढून किंवा फळीवर जुनी रबरी चटई टाकून करा, नाहीतर दुकानदार फळीचे पैसे लावेल.

लेस बांधायची पद्धत इथे चैनीची गोष्ट नाही. शेवटच्या दोन भोकांत लेस आडवी न नेता त्याच बाजूला उभी घाला, म्हणजे दोन्हीकडे छोटा फास तयार होतो. उजवीकडची लेस डाव्या फासातून आणि डावीकडची उजव्या फासातून ओवून मागे-खाली ओढा. टाच मागच्या कडेला जाऊन बसते. वरची पकड घट्ट, पण चवड्यावरची लेस मोकळी ठेवा. सगळी लेस एकसारखी आवळली तर पायाच्या वरच्या शिरेवर दाब येतो आणि सहाव्या-सातव्या फेरीत बोटं बधिर होतात. शेवटी दुहेरी गाठ, आणि लेसची टोकं आडव्या लेसखाली खोचलेली. लोंबणारी लेस घोळक्यात दुसऱ्याच्या पिनेत अडकते.

घोळक्याचं म्हणाल तर 3000 मीटरच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत दहा-बारा जण एका लेनच्या, म्हणजे जेमतेम मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात कोंबलेले असतात. वळण एक मीटर बाहेरून घेतलं तर प्रत्येक वळणाला 3.14 मीटर जास्त पळावं लागतं. 30 च्या चालीला हे जवळपास अर्धा सेकंद. नानजिंगमध्ये पहिल्या दोघांतलं अंतर याच्या एक तृतीयांश होतं. त्यामुळे कुणीच बाहेर जायला तयार नसतो, सगळे आतल्या कडेला चिकटतात, आणि मागच्याचा पाय पुढच्याच्या टाचेवर पडतो. ड्रॅगनफ्लायची मऊ टाच अशा वेळी पटकन खाली दबते आणि बूट अर्धा निघतो. कडक वाटीचा बूट निदान झगडतो तरी. वर सांगितलेला फास आणि दुहेरी गाठ याचाच बंदोबस्त आहे. पातळ कापडाला दुसऱ्याच्या पिनेनं चीर पडणं हेही नेहमीचं. बोटांच्या बाजूला बारीक फाट पडली तर बूट चालतो. करंगळीच्या सांध्यापाशी, जिथे प्लेटची कड संपते तिथे फाट पडली तर बाद समजा. पाय तिथून बाहेर ढकलला जातो.

पिना. नियमानं एका बुटाला जास्तीत जास्त 11 पिना चालतात. बाहेर सिंथेटिक ट्रॅकवर 9 मिलिमीटरपर्यंत मुभा असते, पण इनडोअर ट्रॅक पातळ असतो. बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा तशाच सांगाड्यावर रबराची चादर असते, म्हणून 6 मिलिमीटर हाच नेहमीचा आकडा. इथे एक फसगत आहे. बाजारात मिळणारी पाव इंची पिन 6.35 मिलिमीटरची असते. आयोजकांनी 6 लिहिलं असेल आणि तपासणारा काटेकोर असेल तर ती अडते. डब्यावर मिलिमीटर लिहिलेल्या पिना घ्या, आणि जवळ 5 च्या पिनांचा एक संच ठेवा. आकारातही फरक असतो: सुळकेदार पिरॅमिड पिन रबरात घुसते, पायऱ्यापायऱ्यांची, ख्रिसमस ट्री म्हणतात ती, रबर दाबते पण भोसकत नाही. काही हॉल फक्त पिरॅमिड चालवतात, सुईसारखी तर जवळजवळ कुठेच नाही. ड्रॅगनफ्लायला ख्रिसमस ट्री जास्त मानवते असं आमचं मत आहे. फोम आधीच इतका दबतो-उसळतो की पिन रबरात अडकून राहिली तर पाय सुटायला क्षणभर उशीर होतो, आणि ते वळणावर घोट्याला जाणवतं.

पिन बसवण्यात होणारी चूक बहुधा एकच: चावीनं सुरुवात करणं. आधी पिन बोटानं दोन-तीन आटे फिरवा. सरळ गेली तरच चावी लावा, आणि अडल्यावर आणखी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तिरकी घुसवलेली पिन प्लेटमधल्या आट्यांची वाट लावते आणि ती जागा कायमची सैल होते. भोकात वाळू किंवा रबराचे कण असतील तर आधी टाचणीनं काढा. आट्यांना ग्रीसचा बारीक हात लावला तर गंज धरत नाही आणि हंगाम संपल्यावर पिन निघते. लाकडी सांगाड्याच्या ट्रॅकवर हादरे जास्त बसतात, पिना सैल होतात. म्हणून वॉर्म-अपच्या स्ट्राइड्स झाल्यावर, कॉल रूमला (शर्यतीआधी धावपटूंना जमवतात त्या खोलीत) जाण्याआधी प्रत्येक पिन चावीनं तपासा. चावी आणि दोन सुट्या पिना बॅगेत असाव्यात. एक पिन पडली तर शर्यत जात नाही. डाव्या बुटाची बाहेरच्या कडेची पडली तर मात्र वळणावर पाय सटकतो.

आता नियम, कारण इथे पैसे वाया जाऊ शकतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवरच्या सगळ्या धावण्यांसाठी तळाची जाडी 20 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी 800 मीटर आणि पुढच्या अंतरांना 25 पर्यंत मुभा होती. मोजमाप दोन ठिकाणी होतं, बुटाच्या आतल्या लांबीच्या 12 टक्क्यांवर टाचेच्या मध्यात आणि 75 टक्क्यांवर चवड्याच्या मध्यात. आत एकापेक्षा जास्त कडक प्लेट चालत नाही. हे घरी पट्टीनं मोजत बसण्यात अर्थ नाही. वर्ल्ड अॅथलेटिक्स ही खेळाची जागतिक संघटना मान्य बुटांची यादी काढते, त्यात मॉडेलचं पूर्ण नाव आणि आवृत्ती शोधायची. आधीच्या नियमाच्या काळात घेतलेला किंवा कुणाकडून जुना घेतलेला कुठलाही स्पाइक या यादीत आजच्या तारखेला आहे का ते बघितल्याशिवाय अधिकृत स्पर्धेला नेऊ नका. यादीत नसलेला बूट घालून काढलेली वेळ पुसली जाते. विकासाच्या टप्प्यातले, म्हणजे अजून बाजारात न आलेले बूट काही स्पर्धांत चालतात, पण जागतिक स्पर्धा आणि ऑलिम्पिकला नाही.

नावाचाही घोटाळा आहे. ड्रॅगनफ्लाय, ड्रॅगनफ्लाय 2 आणि ड्रॅगनफ्लाय 2 एलीट हे तीन वेगळे बूट आहेत, आणि एलीटमध्ये कार्बनची प्लेट आहे. वर लिहिलेलं सगळं पेबॅक्स प्लेटच्या बुटाबद्दल आहे. कार्बनची प्लेट वळणावर चवड्याला जास्त सरळ धरते आणि वेग बदलताना लगेच उत्तर देते, पण पंधरा फेऱ्यांची किंमत पोटरी मोजते. 3000 मीटर 8 मिनिटांच्या आत पळणाऱ्यांनी तिचा विचार करावा. नऊच्या आसपास पळणाऱ्यांना पेबॅक्सच बरा; त्या चालीत कार्बन प्लेट वाकवण्याइतका जोरच लागत नाही आणि पाय फळीवर पळल्यासारखा वाटतो.

1500 मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या आणि त्यात सतत वेगाचे झटके. सरळ पट्टी 44 मीटरची, म्हणजे कुणाला गाठून पुढे जायला साडेसहा सेकंदही मिळत नाहीत. इथे ड्रॅगनफ्लाय थोडा आळशी वाटतो. फोम आधी दबतो, मग ढकलतो. याच कंपनीचा एअर झूम व्हिक्टरी, ज्यात कार्बन प्लेट आणि चवड्याखाली हवेची पिशवी आहे, तो अशा झटक्यांना जास्त तयार आहे. पण जाडीच्या नव्या नियमामुळे त्याची कुठली आवृत्ती घेताय ते यादीत बघा. दोन्ही अंतरं पळणाऱ्याला एकच जोडी परवडत असेल तर मात्र ड्रॅगनफ्लायच घ्यावा. तो 1500 मध्ये थोडा कमी पडतो. उलट झालं, म्हणजे कडक बूट 3000 ला नेला, तर शेवटच्या चार फेऱ्यांत जास्त महागात पडतं. (पुरुषांत 1500 आणि 3000 एकाच जागतिक इनडोअर स्पर्धेत जिंकणं 1999 मध्ये मायेबाशीला हैले गेब्रसेलासीला जमलं आणि त्यानंतर थेट 2025 ला इंगेब्रिग्टसेनला. तेव्हा दोन्हींसाठी एकच बूट या प्रश्नाची फार काळजी करायची गरज बहुतेकांना नाही.)

फोमची जादू किती, हा वाद चालूच राहील. डॅनियल कोमेननं 6 फेब्रुवारी 1998 ला बुडापेस्टमध्ये इनडोअर 3000 ची 7:24.90 ही विक्रमी वेळ काढली ती उसळणाऱ्या फोमच्या वीस-बावीस वर्षं आधी, आणि ती मोडायला लामेचा गिरमाला 2023 उजाडावं लागलं. पायांत दम नसेल तर कुठलाच फोम तो भरून काढत नाही. पण एकसारख्या दमाच्या दोघांत, फेरीमागे एक दशांश सेकंद वाचला तरी पंधरा फेऱ्यांत दीड सेकंद होतो, आणि 3000 च्या अंतिम शर्यतीत दीड सेकंदात चार-पाच जण मावतात.

नवा बूट थेट शर्यतीत घालू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो. पहिल्या वेळी सरावाच्या शेवटी 100 मीटरचे सहा स्ट्राइड्स. दोन-तीन दिवसांनी पोटरी आणि टाचेची शीर कशी आहे ते बघून 200 मीटरचे आठ, शर्यतीच्या चालीत, मधे 200 जॉग (तो जॉग सपाटीवर किंवा बाहेरच्या लेनच्याही बाहेर). मग शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी 600 मीटरचे चार, त्यातली शेवटची फेरी पूर्ण जोरानं. हे शेवटचं सत्र चुकवू नका. टाच सरकणं, करंगळीला फोड, लेसचा दाब या सगळ्या तक्रारी 200 मीटरमध्ये दिसत नाहीत. 600 च्या तिसऱ्या-चौथ्या वेळी दिसतात. फोड डाव्या पायाच्या करंगळीखाली आणि उजव्या अंगठ्याच्या आतल्या कडेला येतात. तिथे आधीच पातळ पट्टी चिकटवा, व्हॅसलीन नको. व्हॅसलीननं पाय बुटात आणखी फिरतो.

टिकण्याच्या बाबतीत हा बूट नाजूक आहे आणि तसाच वापरायला हवा: शर्यत, आणि शर्यतीआधीची मोजकी सत्रं. फोम कधी संपला ते दोन्ही बुटांच्या मागच्या बाजूला सरळ रेषेत डोळे नेऊन बघा. डाव्याची बाहेरची कड आणि उजव्याची आतली कड खाली बसलेली दिसते. इनडोअर पळणाऱ्यांचे बूट असे एकतर्फीच झिजतात. आडव्या सुरकुत्यांकडे लक्ष देऊ नका, त्या लवकर येतात आणि काही बिघडवत नाहीत. टेबलावर ठेवून बूट आपणहून एका बाजूला कलत असेल तर त्याला इनडोअरमधून निवृत्त करा. बाहेरच्या ट्रॅकवर तो सरावाला आणखी एक हंगाम देतो. फक्त पिना बदला, आणि जिथे पिन लावत नाही त्या भोकांत डमी स्क्रू बसवा, नाहीतर आटे रबराच्या भुग्यानं बुजतात.